वीतभर जास्त

दुपारी दोन वाजता डॉ. मृणाल खांबेटे हातात टेप घेऊन उजेडाचं विमान मोजत होत्या. डोंगराच्या पोटातल्या त्या प्रयोगशाळेत घडणयंत्राने विमानाची पूर्ण मापाची प्रकाशप्रतिमा उभी केली होती. यंत्रात एखादं वजन बदललं की अख्खी प्रतिमा फुगायची नाहीतर आक्रसायची. माप यंत्रच सांगायचं, पण बाईंचा विश्वास टेपवर.

"पंख अजून वीतभर जास्त," त्या म्हणाल्या.

युद्धाला चौदा महिने झाले होते. उघड्यावरचे विमानतळ उरले नव्हते, म्हणून लढाऊ विमानं डोंगरात लपवायची आणि एका अवाढव्य लिफ्टने वर पठारावर न्यायची, असं ठरलं होतं. लिफ्ट सव्वाआठ मीटर रुंद आणि खडकात कोरलेली, ती काही रुंद होणार नव्हती. चार वाजता एअर कमोडोर सबनीस पाहणीला येणार होते. विमान लिफ्टमध्ये मावलं नाही, तर प्रकल्प बंद. बाईंची आठ वर्षं पाण्यात जाणार आणि पोटच्या पोरांसारखी जमवलेली माणसं चार दिशांना पांगणार, या विचाराने त्यांना सकाळपासून चहाही गेला नव्हता.

"पंख दुमडते केले तर?" अफरोज मुजावरने विचारलं. मोटारींच्या कारखान्यात बारा वर्षं काढून ती गेल्याच महिन्यात इथे इंधनाच्या टाक्यांच्या विभागात आली होती.

"कर की. बिजागऱ्यांचे चाळीस किलो घाल."

अफरोजने आकडा घातला. विमान सगळ्या बाजूंनी असं वाढलं, की ती दोन पावलं मागे सरकली.

"आता लिफ्टमध्ये मावेल," बाई म्हणाल्या, "पण उडायच्या आधी पठार संपेल. काढ ते चाळीस. अगं, एक किलो वाढला की तो उचलायला पंख वाढतो, पंख ओढायला इंजिन वाढतं, इंजिनाला इंधन जास्त लागतं आणि ते इंधन उचलायला पुन्हा पंख. आपल्या विमानाचा वजनगुणक सहा आहे. आत एक किलो घातला की विमान सहा किलोंनी जड होतं."

"आणि एक काढला तर सहा कमी?"

"हो."

"मग मी टाक्यांच्या वजनात पाच किलो जास्तीचे लिहिलेत, ते काढू? मला पहिल्याच दिवशी सगळ्यांनी सांगितलं, थोडं राखून लिहायचं."

जो तो आपल्या बुटांकडे बघू लागला.

"कोणी कोणी राखलंय?" बाईंनी विचारलं.

हळूहळू नऊही विभागांचे हात वर झाले. बाईंना राग आला आणि हसूही आलं. एकेक जण यंत्रापाशी येऊन आपले पाच किलो काढू लागला, तसं विमान अंग चोरत गेलं. शेवटी पंख दोनच बोटं जास्त उरला.

बाईंनी चाकांच्या विभागाच्या निवृत्ती ढोबळ्यांकडे रोखून पाहिलं. "ढोबळे, तुमच्याकडे अजून काहीतरी आहे."

"माझं नाही हो, मॅडम! आधीच्या टिकेकर साहेबांनी आठ किलो राखले होते. ते निवृत्त झाले, आकडा राहिला. एवढ्या मोठ्या माणसाचा आकडा मी कसा काढणार?"

हसण्याने गुहा दणाणली. टिकेकर साहेबांचे आठ किलो निघाले आणि पंख लिफ्टच्या मापात आला. फट होती जेमतेम अर्ध्या बोटाची.

"आणि मॅडम, तुमचं?" ढोबळ्यांनी हळूच टोमणा मारला.

"मला कुठला विभाग आहे?" बाई म्हणाल्या.

चारला सबनीस आले. त्यांनी विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून फट पाहिली आणि खूश झाले. "वा! मावतंय म्हणता, तर मागचं दिसायला एक कॅमेराही बसवा. फार नाही, दहा किलोंचा."

अफरोजने मनातल्या मनात हिशेब केला. दहाचे साठ होणार, पंख पुन्हा दोन बोटं बाहेर!

"बसवू की, सर," बाई शांतपणे म्हणाल्या आणि यंत्रापाशी जाऊन त्यांनी दोन आकडे बदलले. विमान केसभरही हललं नाही. सबनीसांनी मंजुरीवर सही केली आणि समाधानाने निघून गेले.

अफरोज धावत यंत्रावरच्या वजनांच्या तक्त्यापाशी गेली. कॅमेरा दहा किलो. त्याच्या वरच्या ओळीत रंग, वीस किलो. सकाळी तिथे तीस होते, हे तिला पक्कं आठवत होतं.

"मॅडम! रंगात?"

"रंगाचं वजन कोणी तपासत नाही," बाई टेप गुंडाळत म्हणाल्या.

"आणि आमचं मात्र सगळं काढून घेतलंत!"

"सगळ्यांनी राखलं तर विमान मावत नाही. कोणीच राखलं नाही, तर साहेब मावत नाहीत."

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे सबनीस होते, आवाज जरा ओशाळा. कॅमेरा खरं तर सात किलोंचाच होता. त्यांच्याकडे थोडं राखून सांगायची पद्धत होती.

बाईंनी कॅमेऱ्यापुढे सात लिहिलं. मग इकडेतिकडे पाहून रंगापुढे तेवीस लिहिलं, आणि सकाळपासून राहिलेला चहा मागवला.