सदऱ्याचं टोक

नाताळच्या दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर अर्लीनने भिंतीवरची नवऱ्याची ठासणीची बंदूक उतरवली आणि अंगण ओलांडून ती थोरल्या दिराच्या शेडमध्ये गेली. पेनसिल्वेनियाच्या त्या डोंगरांत आजही नाताळनंतर हरणाच्या शिकारीला जुनी चकमकीची बंदूकच लागते. दुसरी चालत नाही.

"भाऊजी, शिकवा मला. वेंडेल दरवर्षी 'पुढच्या वर्षी' म्हणत राहिला."

अर्विन साठी उलटलेला, एकटा माणूस. कुऱ्हाडीला धार लावता लावता त्याचा हात थांबला. "हरणाचं मटण हवंय ना? मी आणून देतो की. तुला कशाला ती बंदुकीची काळी दारू आणि तो धूर?"

"मटण नकोय मला. मला त्या दरीत जायचंय."

कशासाठी, हे विचारायची गरज नव्हती. गेल्या वर्षी याच दिवसांत दोघे भाऊ दरीत उतरले होते आणि अर्विन एकटा परत आला. त्या रात्री बर्फाचं वादळ झालं. पुढे शोधणाऱ्यांना हेमलॉकच्या झाडाला टेकवून ठेवलेली वेंडेलची बंदूक मिळाली, वेंडेल मिळाला नाही. चर्चच्या आवारात त्याच्या नावाचा दगड उभा राहिला आणि दगडाखाली नुसती माती. त्या दगडाखाली नवऱ्याला निजवायचं, एवढं एकच मागणं आता अर्लीनचं देवाकडे होतं.

अर्विनने पुष्कळ आढेवेढे घेतले. मग, ही एकटीच भटकण्यापेक्षा आपल्या नजरेसमोर असलेली बरी असं वाटलं असेल, तो उठला.

"पहिला नियम. बंदूक हातात आली की आधी नळीत गज सोडायचा. रिकामी असेल तर गज या खुणेपर्यंत आत जातो. खूण वर राहिली तर आत गोळी आहे. साक्षात देवाने हातात दिली तरी गज सोडल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही."

अर्लीनने गज सोडला. तो मध्येच अडला. खूण नळीच्या तोंडाच्या चांगली चार बोटं वर राहिली.

"भरलेली आहे," ती म्हणाली.

"शक्यच नाही. मीच तर रिकामी करून तुझ्या भिंतीवर टांगली होती."

गजाला स्क्रू लावून अर्विनने गोळी ओढून काढली. ठासताना शिशाच्या गोळीभोवती कापडाची चिंधी गुंडाळतात, तीही निघाली. या घरात चिंधीसाठी उशांचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड वापरायचे. ही लाल चौकड्यांची होती, जाड, लोकरीसारखी. अर्लीनने ती ओळखली. तो सदरा तिनेच वेंडेलला घेतला होता, आणि त्या दिवशी तो त्याच्या अंगावर होता.

"थट्टा केली असेल त्याने," अर्विन घाईघाईने म्हणाला. "सदऱ्याचं टोक... तुला ठाऊक आहे ना त्याची खोड?"

ठाऊक होती. तिकडे नेम चुकला की त्या शिकाऱ्याच्या सदऱ्याचं मागचं टोक कापून शिकारखोपीच्या भिंतीवर टांगतात. चाकू नेहमी वेंडेलकडे. हसत हसत, मांजरीसारखा दबकत मागून यायचा आणि कच्चकन कापायचा. अर्विनची नजर अधू होत चाललेली, त्यामुळे भिंतीवरची बरीचशी टोकं त्याचीच होती.

त्या दुपारी अर्विनने तिला दारू मापायला आणि गोळी ठासायला शिकवलं. "बार झाला की धावायचं नाही. धूर विरेपर्यंत जागेवर थांबायचं. धुरापलीकडे काय आहे... कोण आहे... ते दिसल्याशिवाय पुन्हा चाप ओढायचा नाही." एवढं बोलून तो पाणी प्यायला आत गेला, तो बराच वेळ आलाच नाही.

संध्याकाळी दोघांनी बंदूक साफ केली, गज सोडून पाहिला. रिकामी. सकाळी अर्लीनने पुन्हा पाहिलं, तर खूण चार बोटं वर.

दाराला आतून कडी होती. घरात ती एकटी होती. स्वयंपाकघरात काळ्या दारूचा कुजक्या अंड्यासारखा वास कॉफीच्या वासावर चढला होता, आणि वेंडेलच्या खुर्चीवरून कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं वाटत होतं. खरं सांगायचं तर तिला भीती वाटली नाही. तिला भरून आलं.

मग रोज सकाळी तेच. ती गोळी काढायची, चिंधी टेबलावर ठेवायची. चौकडीला चौकडी जुळत गेली. आधी सदऱ्याची खालची शिवण आली, मग कंबर, मग बरगड्या. कापणारा हात वर वर सरकत होता. वरचा भाग कसा असेल, या विचाराने मात्र ती चिंधी उलगडायला रोज जास्त वेळ लावू लागली.

नववर्षाच्या दिवशी अर्विन रिवाजाप्रमाणे डुकराचं मटण आणि आंबट कोबी खायला आला. अर्लीनने त्याच्या ताटाशेजारी त्या सकाळची चिंधी ठेवली. तिच्यावर खिशाची शिवण होती, आणि मधोमध तपकिरी कडांचं एक भोक. सोबतची गोळी वाटोळी नव्हती. एकदा कशावर तरी आपटून चेपलेली होती.

"भाऊजी, ही त्याच्या छातीवरची आहे."

अर्विनने काटा खाली ठेवला. खाई त्याला खवखवे म्हणतात. वर्षभर खवखवत असलेलं त्याच्या तोंडावर आलं.

"चल," तो म्हणाला. "उजेड आहे तोवर पोचू."

दरीत तो शोधत चालला नाही, सरळ चालला. उन्मळून पडलेल्या एका हेमलॉकच्या मुळांखाली दगडांची रास होती. तिच्यासमोर तो गुडघ्यांवर बसला.

"पहिला बार चुकला माझा. वारा नव्हता गं, धूर हलेचना... मी पुन्हा भरली. धुरात काहीतरी दबकत येताना दिसलं. मला वाटलं, हरीण..." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "हातात चाकू होता त्याच्या. माझं टोक कापायला येत होता. तोंडावरचं हसू तसंच होतं, अर्लीन."

"आणि वर्षभर माझ्या हातची कॉफी पीत बसलात?"

अर्लीन तिथेच बर्फात बसून मोठ्याने रडली.

शेरीफने अर्विनची बंदूक जप्त केली आणि खटला उभा राहीपर्यंत त्याला घरीच राहायला सांगितलं. वेंडेल आपल्या दगडाखाली निजला. दुसऱ्या सकाळी अर्लीनने त्याच्या बंदुकीत गज सोडला, तो थेट खुणेपर्यंत गेला. त्यानंतरही रोज तसाच जायचा. वेंडेल आता येणार नाही, हे तिला सोसायला जड गेलं, पण घर शांत झालं.

थोड्या दिवसांनी शेरीफ आला. टोपी काढली, पण बसला नाही.

"अर्लीनबाई, तुमच्या दिराची बंदूक आमच्या कपाटात आहे. किल्ली माझ्या खिशात असते. आम्ही ती रिकामी करतो, अन् सकाळी ती पुन्हा भरलेली असते. बाई, मी कुणाला सांगितलेलं नाही... पण हे काय आहे?"

त्याने टेबलावर चिंध्या ठेवल्या. हिरव्या चौकड्यांच्या. पहिलीवर खालची शिवण होती.

अर्लीन खिडकीशी गेली. अंगणात अर्विन लाकडं फोडत होता, कोटाची बटणं उघडी. आतला हिरवा सदरा जेमतेम बरगड्यांपर्यंत उरला होता. तिने त्याला माफ केलं नव्हतं. तरी ती तशीच बर्फात धावत बाहेर गेली.

"भाऊजी, तो सदरा काढा! जाळून टाका!"

अर्विनने कुऱ्हाड खाली ठेवली आणि थकल्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"रोज संध्याकाळी जाळतो गं," तो हळूच म्हणाला. "सकाळी उठतो तेव्हा अंगात असतो."

खिशाच्या बरोबर खाली सदऱ्याची कड ताजी कापलेली होती, आणि तिचे धागे वारा नसताना हलत होते.