कुंपणाबाहेरची फांदी

लिंबोणीवर काळा कोट घातलेला माणूस दिसला, तेव्हा धाकटीला आधी वाटलं की आपल्याला ऊन बाधलंय.

ती नुसती झाड बघायला आली होती. झाड तिच्या अशिलाचं, म्हणजे गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या परसातलं. घटस्फोटाची बाकी सगळी वाटणी सुरळीत झाली होती. घर बाईंना, बेकरी त्यांच्या नवऱ्याला. पण बेकरीतला लिंबाचा केक गावभर नावाजलेला, आणि त्याची लिंबं याच झाडाची. तिथं येऊन गाडी अडली होती.

"माझा एक पाय सापडत नाहीये," वरून आवाज आला. "तुम्ही तिथं उभ्याच आहात, तर शिडी कुठंय तेवढं सांगा."

"शिडी डावीकडे. पाय तुमचा तुम्ही शोधा. आणि कोण म्हणायचं आपण?"

"बेकरीवाल्यांचा वकील. फांदी कुंपणाबाहेर किती गेलीय ते मोजत होतो."

"मी बाईंची वकील. म्हणजे माझ्या अशिलाच्या झाडावर तुम्ही न विचारता चढलात."

"हरकत घ्या की..." आवाज जरा पडला. "पण आधी कोट सोडवा. फार काटे आहेत हो."

आता शत्रुपक्ष झाला म्हणून काय झालं, माणूस लोंबकळत ठेवता येत नाही. ती शिडीच्या दोन पायऱ्या चढली आणि एकेक काटा बाहीतून सोडवू लागली. झाड फुलांवर आलेलं होतं. त्या वासानं दुपार जड झाली होती, आणि तो श्वास रोखून तिच्या बोटांकडे बघत होता. शेवटचा काटा सोडवायला तिला जरा जास्तच वेळ लागला. का लागला, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

खाली उतरल्यावर त्याच्या केसांत एक पांढरी पाकळी राहिली होती. सांगावं की नाही... तिनं नाही सांगितलं. तो ती पाकळी मिरवत गावभर फिरला म्हणे.

धाकटी काम करायची आत्याच्या हाताखाली. आत्या म्हणजे गावातल्या मोठ्या वकीलबाई, म्हणून ही धाकटी. निम्म्या गावाच्या सोडचिठ्ठ्या आणि दत्तकविधानं त्यांच्याच हातची. त्यांच्या ऑफिसची एक रीत होती. वाटाघाटीच्या खोलीत समोरासमोर दोन बाक. एकावर नवरा-बायको शेजारी शेजारी, आणि दुसऱ्यावर दोघांचे वकील, तेही शेजारी शेजारी. समोर बसवलं की माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघून भांडतात, असं आत्याचं म्हणणं. आणि पहिल्या बैठकीत आत्या स्वतः येऊन प्रत्येक जोडप्याला एकच प्रश्न विचारायची, "दोघांची राजीखुशी आहे ना? कुणी कुणाला भाग पाडलेलं नाही ना?"

बाई आणि बेकरीवाले दोघंही म्हणाले होते, "राजीखुशी आहे." बेकरीवाल्यांनी ते म्हणताना टोपी हातात घेतली होती.

तर त्या दुसऱ्या बाकावर आता हा येऊन बसला. बाक तसा अरुंद. कोपराला कोपर लागायचं, कागद उलटताना बाही बाहीला घासायची. पहिल्याच दिवशी त्यानं हळूच सांगून टाकलं, "मी इथला नाही. मामा न्हाणीघरात घसरले, पाय प्लास्टरमध्ये. तोवर त्यांचं काम बघतोय. हे एक प्रकरण मिटलं की परत."

"परत कुठं?"

"दूर," तो म्हणाला. तिला त्या एका शब्दाचा उगाचच राग आला.

आणि मग त्या साध्यासुध्या प्रकरणानं असं काही बाळसं धरलं की विचारू नका. आधी तिनं मुद्दा काढला, आपोआप गळालेली लिंबं कुणाची? पुढच्या बैठकीत त्यानं विचारलं, फांदी कुंपणाबाहेर गेली तर तिच्यावरच्या फुलांचं काय? मग छाटणी कुणी करायची, आणि शिडी कुणाची वापरायची.

"शिडीबद्दल आमचं दुमत आहे," ती म्हणायची.

"शिडीचा अनुभव आम्हाला जास्त आहे," तो गंभीरपणे म्हणायचा.

"उतरण्याचा नाही."

"उतरवणारं कुणी असलं की उतरता येतं... वकीलबाई."

ती मान खाली घालून लिहायची, काय लिहिलं ते नंतर तिलाच लागत नसे. खिडकीतून ऊन आत यायचं, बेकरीवाल्यांनी आणलेल्या केकचा वास खोलीभर रेंगाळायचा. तिच्या मनात नुसतं येत राहायचं, ही बैठक संपूच नये. आत्या दारातून डोकावून म्हणायची, "एका लिंबोणीवर एवढा कायदा मी उभ्या जन्मात पाहिला नाही बाई." आणि निघून जायची. जाताना हसायची, पण ते पाठमोरं.

एके दिवशी बैठक संपली, सगळे उठले, पण बाई मागे राहिल्या.

"तुला एक सांगू का गं?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज गाण्याचा, हळू बोलल्या तरी खोली भरायची. "मला लिंबं नकोत. त्यांनी सगळी न्यावीत. मी तुला हे आधीही सांगितलं होतं."

धाकटीला आठवलं. सांगितलं होतं खरं.

"इथं आले की त्यांच्या शेजारी बसावं लागतं. आता आम्ही भांडतही नाही. ते केक आणतात, मी खाते, चांगलं वाटतं. आणि मग उठायची वेळ येते." बाईंनी पर्स मांडीवरच धरून ठेवली. "दर वेळी त्या बाकावरून उठताना मी पुन्हा त्यांना सोडून जाते. एकदाच काय ते होऊ दे गं. मला माझं घर रंगवायचंय. पिवळं."

आपला जीव रमतोय म्हणून आपण दुसऱ्याच्या जखमेची खपली काढत बसलो, एवढं धाकटीला लख्ख कळलं. आणि हेही कळलं की खपली धरू दिली, तर तो जाणार. ती बाईंना एवढंच म्हणाली, "पुढच्या बैठकीत संपेल. माझा शब्द."

पुढच्या बैठकीला तिनं कोपर आवरून घेतलं. त्याच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर शब्द मोडला असता.

"झाड बाईंचं, लिंबं सगळी बेकरीवाल्यांची. तोडायला येताना आधी कळवून यायचं," ती एका दमात म्हणाली. "आमची कशालाही हरकत नाही."

आता हा काहीतरी काढेल, निदान शिडी तरी... असं तिच्या वेड्या मनाला वाटत राहिलं. त्यानं समोर बाईंकडे बघितलं, मग बेकरीवाल्यांकडे, आणि टोपण काढून पेन पुढे केलं.

"आमचीही नाही," तो म्हणाला.

सह्या झाल्या. दाराशी बाईंनी बेकरीवाल्यांची वळलेली कॉलर सरळ केली. सवयीनं. मग दोघं दोन दिशांना गेले, आणि धाकटी कागद गोळा करत राहिली, कारण डोळे कुठंतरी ठेवायला हवे होते.

"मामांचा पाय बरा व्हायचाय अजून?" तिनं विचारलं.

"मामांचं प्लास्टर कधीच निघालं. सकाळी तळ्याला फेरी मारतात."

तिनं वर बघितलं. तो त्यांच्या नेहमीच्या बाकावर नव्हता. समोरच्या, जोडप्यांच्या बाकावर एका टोकाला बसला होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

"तिथं बसलेली माणसं इथून वेगळी होऊन जातात," ती म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून मगाशी हरकत घेतली नाही. त्या दोघांच्या जिवावर तुमच्या शेजारी बसायची मला लाज वाटायला लागली होती." तो थांबला. "पण बसायचं तर आहे... प्रकरणाशिवाय. मला तुम्ही फार आवडता. मामा म्हणतात, ऑफिसात दुसरं टेबल मावेल. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय कसं म्हणणार?"

धाकटी वकील होती, उत्तर द्यायला एरवी तिला अर्धा क्षणही लागत नसे. आज तिनं कागद खाली ठेवले आणि ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मग जरा सरकली. बाही बाहीला लागेपर्यंत.

"त्या दिवशी शेवटचा काटा लगेच सुटला होता," ती म्हणाली. "मीच उगाच वेळ लावला."

"मला कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही पाकळीचं सांगितलंत?"

तेवढ्यात आत्या आत आली. तिनं बाकाकडे बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग ऑफिसच्या रीतीप्रमाणे शांतपणे समोरच्या बाकावर जाऊन बसली.

"दोघांची राजीखुशी आहे ना?" तिनं विचारलं. "कुणी कुणाला भाग पाडलेलं नाही ना?"

"राजीखुशी आहे," दोघं एकदम म्हणाले.

आत्यानं मान डोलावली आणि दार ओढून घेत बाहेर गेली. बाकावरून उठायची त्या दिवशी कुणालाच घाई नव्हती.