हलकं झालेलं साठ किलो

समितीकरांनो, चाचणीचा नियम तुम्ही लिहिलात. जी बाई तुमच्यासाठी चंद्राची जमीन खणते, तिची पाठ दुसऱ्यांदा मोडायला तुम्ही निघाला होतात, आणि तेही एका गुणाकाराच्या जोरावर. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पृथ्वीवर दहा किलो चालतं ना? चंद्रावर वजन सहावा हिस्सा. मग इथे साठ उचलू दे. सही, शिक्का, झाला नियम.

मी इंद्रायणी चौगुले, वय बारा. वस्तीवर सगळे इंदू म्हणतात. ती खणणारी बाई माझी आई, वैजयंता. खोदयंत्राचे हादरे खाऊन तिच्या मणक्यांमधली एक चकती (दोन हाडांमधली मऊ गादी) फाटली. आतला गर बाहेर आला आणि मज्जातंतूवर (मेंदूचे निरोप पायापर्यंत नेणाऱ्या दोरीवर) दाबायला लागला. डावा पाय बधिर झाला. शस्त्रक्रियेत तो गर काढला, तेव्हा पाय पुन्हा जागा झाला.

पृथ्वीवर परतायचं तर शक्तिचाचणी द्यावी लागते. ते मला मान्य आहे. चंद्रावर राहून हाडं विरळ होतात, स्नायू सुकतात. तिकडचा भार झेपेल का, ते बघायलाच हवं. यान गुरुवारी सुटणार होतं, पुढचं एका वर्षाने. आईची चाचणी बुधवारी होती.

बुधवारी सकाळी चाचणीचं पिंप चाकगाडीवर घालून मीच व्यायामशाळेकडे ढकलत नेत होते. साठ किलोचं पिंप, पण मी ते दोन्ही हातांनी सहज उचलून गाडीवर ठेवलं होतं. वळणावर गाडी थांबवायला गेले, तर ती थांबेना. पिंपाने मला फरफटत नेलं आणि भिंतीवर घातलं. कोपर सोलून निघालं. इतकं हलकं पिंप, मग एवढं दांडगं कसं?

मी व्यायामशाळेत पोचले तेव्हा आई हाताला खडूची पूड लावत होती. आई मूळची कुरुंदवाडची, लग्नाआधी वजन उचलायच्या स्पर्धांत उतरायची. समोर परीक्षक यंत्रमानव उभा. आम्ही त्याला मास्तर म्हणतो.

"नियमानुसार साठ किलो," मास्तर म्हणाला. "जमिनीवरून कमरेपर्यंत उचला, वळा, मेजावर ठेवा. वेदना आहेत?"

"नाहीत."

"पात्र. सुरू करा."

"वैजू, दुखत नाही म्हणजे आतली जखम भरली असं नव्हं," मुल्लाकाका म्हणाले. शस्त्रक्रियेनंतर आईला चालवण्यापासून सगळा व्यायाम तेच शिकवतात. "चकतीचं कडं सावकाश सांधतं. थांब जरा."

"काका, दहा किलोचाच तर भार आहे! कुरुंदवाडात एवढं तर माझी म्हातारी काखेत मारून न्यायची."

आई वाकली. पाय रोवले. आता ती काय करणार ते मला कळलं. वजन उचलणारी माणसं सावकाश उचलत नाहीत, झटका देतात. माझ्या सोललेल्या कोपरात कळ आली.

"आई, झटका देऊ नकोस! ते थांबत नाही!"

"इंदे, गप बस. एकदा व्हायचंय ते होऊन जाऊ दे."

मी धावले आणि पिंपावर बसलेच. मास्तर म्हणाला, "अडथळा. नोंद केली."

"कर नोंद! काका, हे पिंप गाडीवर ठेवून तुमच्याकडे ढकलते. हाताने अडवून दाखवा."

"अगं, एवढंसं पिंप. ये, ढकल."

मी जीव खाऊन ढकललं. काकांनी हात पुढे केले आणि पिंपाने त्यांना मागे नेऊन गाद्यांच्या ढिगात बसवलं.

"आयला!" काका तिथूनच ओरडले. आई हसली. मग तिचं हसू हळूहळू मावळलं.

काका उठले. "ऐक वैजू. वजन म्हणजे चंद्र पिंपाला किती खाली ओढतोय ते. ते कमी झालं. पण वस्तुमान (पिंपात एकूण माल किती भरलाय ते) साठच राहिलं. धरून उभं राहायचं असलं तर वजन बघ. हलवायचं, वळवायचं, थांबवायचं असलं तर वस्तुमान बघ. तू झटका दिलास की पिंप वर सुटणार. तू वळणार, थांबणार, ते थांबणार नाही. मग त्याला अडवणार कोण? तुझी कंबर. पिरगळलेल्या अवस्थेत."

आईने पिंपाकडे पाहिलं. मग हात झटकले, खडूची पूड चंद्रावर पडते तशी सावकाश खाली गेली.

"मास्तर, मी उचलणार नाही."

"अपात्र," मास्तर म्हणाला.

यान आमच्याशिवाय गेलं. त्या रात्री आई जेवली नाही.

सकाळी मात्र ती काकांसमोर उभी होती. पाठीला काठी चिकटवून वाकायचं, ते कमरेतून नाही, खुब्यातून. मग छोटं वजन, अगदी पोटाशी धरून, कारण हात लांब केले की तेच वजन पाठीला कितीतरी जड पडतं. उचलणं सावकाश, थांबवणं त्याहून सावकाश. वळायचं तर पाय उचलून अख्खं अंग वळवायचं. दुसऱ्या दिवशी पाय शांत राहिला तरच थोडं वाढवायचं. मुंग्या आल्या किंवा पाय बधिर वाटला, की वजन खाली आणि डॉक्टरांकडे. नुसतं पडून राहिली तर स्नायू सुकतील, घाई केली तर चकती पुन्हा फाटेल. वाट या दोन्हींच्या मधून जाते. आज ती पहिल्यापेक्षा दुप्पट वजन उचलते. पुढच्या यानात आम्ही असू, आई स्वतःच्या पायांवर चालत चढेल.

पण त्याच यानासाठी सोमवारी भट्टीवाल्या घोरपडेकाकांची चाचणी आहे. त्यांचीही पाठ शिवलेली आहे आणि मास्तरने पुन्हा साठाचंच पिंप मांडलंय. तुम्हाला तीनदा कळवलं, तुम्ही गप्प. नियम करताना पिंप थांबवायचं कुणी, हे तुमच्यापैकी एकानेही विचारलं होतं का? सोमवारच्या आत उत्तर द्या.