दिवाणखान्यातली काळी पट्टी

"दर सुट्टीत हेच दार, हाच रंधा आणि हीच माझी कंबर!" उंबऱ्याशी उकिडवे बसलेले सुतारकाका दाराशीच भांडत होते. "आता आणखी तासलं तर खालून मांजर काय, म्हैस आत येईल!"

टिकली शेजारीच पाय पसरून बसली होती. आजोळच्या बंगल्यातली ही वरची खोली सुट्टीपुरती तिची, धाकट्या ढब्बूची आणि मामेबहीण दीदीची. दार दरवर्षी अडकायचं, दरवर्षी तासलं जायचं. का अडकतं, विचारलं की मामा म्हणायचा, "साहेबाचं बांधकामच कच्चं!" तो गोरा साहेब बंगला बांधून कधीच आपल्या देशी निघून गेला होता. उलट उत्तर देणार कोण?

ढब्बूच्या हातून गोटी निसटली आणि घरंगळत खोलीच्या मधोमध जाऊन थांबली. दुसरी सोडली, तीही तिथंच!

"जमीन मध्येच खचलीय! म्हणूनच दार अडकतं!" टिकली ओरडली. "खाली काय आहे?"

"दिवाणखाना. आणखी काय?" दीदी म्हणाली.

तिघं धडाधड जिना उतरली. घरातल्या प्रत्येक खोलीत भिंतीच्या कडेकडेनं काळ्या फरश्यांची पट्टी होती. टिकलीनं दिवाणखान्यातली सतरंजी उचलली आणि बघतच राहिली. इथं दोन काळ्या पट्ट्या खोलीच्या ऐन मधून गेल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये हातभर रुंद नुसतं सिमेंट!

"इथं भिंत होती!" दीदी पुटपुटली. "वरची जमीन तिच्यावरच टेकलेली असणार. आणि बाबा आज आपल्या खोलीच्या डोक्यावर पाण्याची टाकी चढवतायत!"

टिकली अंगणात धावली. "मामा, ती भिंत..."

"नंतर!"

"मामी, दिवाणखान्यातली भिंत..."

मामीनं घाईघाईनं कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. "आजोबांपुढं काढू नकोस हं तो विषय."

टिकलीला असा संताप आला! जमीन आमच्यासकट खाली कोसळणार आणि म्हणे विषय काढू नकोस!

"ऐकत नाहीत ना? मग बघायला लावू!" ती म्हणाली.

दहाच मिनिटांत अंगणातून मामाची आरोळी आली. "टाकी ओढायचा दोर कुठं गेला?"

"सतरंजीखाली!" ढब्बूनं भोळा चेहरा करून सांगितलं.

मामा तणतणत आत आला, मागोमाग गवंडीकाम करणारे मिस्तरी. मामानं सतरंजी भिरकावून दोर उचलला. मिस्तरी मात्र गुडघ्यांवर बसले, सिमेंटवरून हात फिरवला, मग छताकडे टक लावून पाहिलं.

"टाकी राहू द्या, साहेब. छताला पोट आलंय. इथली भिंत कुणी काढली?"

मामा दोराला उगाचच गाठी मारू लागला. मामी पडदा सरळ करू लागली. तो सरळच होता.

"आम्ही केव्हापासून हेच सांगतोय!" टिकलीचा आवाज चिरकला. "तिथं आम्ही झोपतो!"

"तुम्ही शोधलंत? शाबास!" मिस्तरी म्हणाले.

कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"शाबासच," ते हळूच म्हणाले. "भिंत मी पाडली, मिस्तरी. दिवाणखाना मोठा दिसावा म्हणून. पोरांची आजी नको नको म्हणत होती. चुकलं माझं."