पुन्हा पाहण्याची गरज नाही

"पट्टराणी कुठे बसतात?"

दारातून हा प्रश्न आला आणि वेधशाळेच्या कार्यालयातले सगळे खो खो हसले. विचारणारा गोंधळला. छत्रीचं पाणी त्याच्याच बुटांवर ठिबकत होतं. दिवसभर दीर्घिकांचे वर्णपट वाचणाऱ्या मुलीचं ते लाडाचं नाव आहे, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? फाटकावरच्या रखवालदाराने सांगितलं आणि त्याला ते आडनाव वाटलं.

"मीच ती," ती म्हणाली, तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "बोला."

तो तपासनीस होता. दीर्घिकांची जुनी यादी छापायला जाण्याआधी एकेक नोंद नव्या वर्णपटाशी ताडून पाहायला त्याला दुसऱ्या वेधशाळेतून महिनाभरासाठी पाठवलं होतं. आणि या गृहस्थाने आल्या आल्या, चहासुद्धा न घेता, तिच्या एका नोंदीपुढे लाल पेन्सिलीने लिहिलं – 'चूक'.

तिच्या डोक्यात तिडीकच गेली. नऊ वर्षांपूर्वी, विद्यार्थिनी असताना केलेली ती तिची पहिलीवहिली नोंद. शेऱ्याच्या रकान्यात तिने मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, 'वर्ग दोन. नक्की. पुन्हा पाहण्याची गरज नाही.'

"वर्ग दोन म्हणजे नुसत्या बारीक रेषा," तो शांतपणे म्हणाला. "या नव्या वर्णपटात बघा, केवढी रुंद रेषा आहे! हा सरळसरळ वर्ग एक. तुम्ही बहुतेक दुसऱ्याच दीर्घिकेची फाइल उघडलीत."

"मी? अहो, मी एक वेळ स्वतःचं घर चुकेन, फाइल चुकणार नाही!"

संध्याकाळी मावशीचा फोन आला. नवा माणूस कसा आहे गं, तिने विचारलं.

"शिष्ट! वर्ग दोन. पुन्हा पाहण्याची गरज नाही!" ती फणकारली... आणि वळून पाहते तो काय, विसरलेली छत्री न्यायला तो दारात उभा.

"नक्की?" त्याने एवढंच विचारलं आणि छत्री उचलून निघून गेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

पण खरं-खोटं व्हायलाच हवं होतं. दोघं एका टेबलाशी बसून मधल्या वर्षांतले वर्णपट शोधू लागले. रेषा मोजताना तो बेसूर गुणगुणायचा. संत्रं सोलून, मान वर न करता, अर्धं तिच्या बाजूला सरकवायचा. पहिल्या आठवड्यात तिने ते परत सरकवलं. दुसऱ्या आठवड्यात खाल्लं. तिसऱ्या आठवड्यात पाऊस उघडला, तर जिन्यात छत्री आपटण्याचा आवाज येईना म्हणून ती बेचैन झाली. तो तिला आवडू लागला होता. उगाच आढेवेढे कशाला घ्यायचे?

आणि एका दुपारी, जुन्या वर्णपटांची पेटी आवरता आवरता तिने त्याची बाही धरली.

"थांब! हे बघ... थांबा, म्हणजे... हे बघा!"

चार वर्षांपूर्वीचा वर्णपट. त्यात ती रुंद रेषा नुकती कुठे डोकं वर काढत होती.

"मी नोंद केली तेव्हा दीर्घिकेच्या मधलं कृष्णविवर उपाशी होतं," ती भराभर बोलत सुटली. "मग वायू गिळायला लागलं, उजेड वाढला, आणि त्याच्याजवळ गरगर फिरणारा वायू उजळला. म्हणून रेषा रुंद! फाइल चुकली नव्हती. दीर्घिकाच बदलली."

"म्हणजे तुम्हीही बरोबर आणि मीही," तो हसला. मग खोडरबर घेऊन त्याने ते 'चूक' इतकं खोडलं, की कागद फाटायची वेळ आली.

पाऊस पुन्हा लागला, त्या दिवशी वेधशाळेच्या प्रमुखबाईंनी यादी तिच्यापुढे ठेवली. "शेरा तुझाच. 'नक्की' लिहिलंस तर काम संपलं, हे शुक्रवारी परत जातील. लक्ष ठेवायला हवं म्हणत असशील, तर वर्षभर यांना इथेच ठेवून घेते." एवढं सांगून त्या निघून गेल्या.

पेन हातात तसंच राहिलं. लक्ष ठेवायची गरज दीर्घिकेला होती की तिला? तिने तिन्ही वर्णपट पुन्हा पाहिले. एकदा बदललेली दीर्घिका उद्या परतही फिरेल, पाहायला तर हवंच होतं. पण कामाच्या आडून त्याला अडकवून ठेवायचं आणि खरं कारण पोटात ठेवायचं, हे तिला पटेना. तो गेला तर मात्र... तिला रडूच येणार होतं. तिने लिहिलं आणि यादी त्याच्याकडे सरकवली.

'वर्ग बदलला. पुन्हा पुन्हा पाहावे.'

"हे दीर्घिकेबद्दलच ना?" त्याने जपून विचारलं.

"रकान्यातलं दीर्घिकेबद्दल."

"आणि माझा वर्ग? अजून दोनच?"

"तिथे खरंच चूक झाली होती," ती टेबलाकडे बघत म्हणाली. "फाइल नीट उघडलीच नव्हती मी. आता उघडली... आवडता तुम्ही मला. हे ऐकून जायचं असेल तर जा. पण ऐकून जा."

हातातली छत्री त्याने हळूच कोपऱ्यात नेऊन ठेवली.

"शुक्रवारचं काय करू? तुम्हीच सांगा."

"थांब," ती म्हणाली. आणि या वेळी तिने तो शब्द दुरुस्त केला नाही.