फौजदाराची हद्द

कोंबड्या सात होत्या, कोंबडा एकच, पण परसात राज्य त्याचंच होतं. ताज्या अंड्यांच्या हौसेपायी टेलरबाईच्या नवऱ्याने ही पलटण घरी आणली आणि घरादाराच्या नाकी नऊ आणायचं काम कोंबड्याने आपणहून अंगावर घेतलं. तांबडा, उंच, पायाला अंगठ्याएवढा काटा. सासऱ्यांनी त्याचं नाव फौजदार ठेवलं.

टेलरबाईचं शिलाई मशीन मागच्या खोलीत, खिडकीपाशी होतं. तिथे बाकावर बसलं की सगळं परस दिसे. दाराची पायरी, मग धुण्याचा दगड, लिंबाचं झाड, खुराडं आणि पार टोकाला तारेचं कुंपण. सगळीकडे जुनी खडबडीत फरशी.

सुरुवातीला कुंपणाजवळ कुणी गेलं तरच फौजदार अंगावर येई. पंख फरशीला घासत तिरका तिरका चालायचा आणि मग एकदम उडी. नवरा शाळेची बस चालवायचा. चाळीस पोरांना आरशातल्या एका नजरेने गप्प करणारा माणूस, पण पोटरीतून दोनदा रक्त निघाल्यावर परसात जाताना बादली पुढे धरून जाऊ लागला. सासरे पोट धरून हसले. टेलरबाईला मात्र हसू येईना. तिची ठकी पाच वर्षांची होती आणि कोंबड्याची उडी बरोबर पोरीच्या डोळ्यांपर्यंत पोचत होती.

कापायच्या आधी खूण करायची, हा तिच्या कामाचा नियम. तिने कापडावर आखायचा खडू घेतला आणि फौजदार जिथून अंगावर यायला लागतो तिथे, खुराड्याच्या पुढे, फरशीवर आडवी रेघ ओढली. रेघेच्या पलीकडे जायचं नाही, असं ठकीला बजावलं. ठकी शहाण्यासारखी ऐकायची.

चार दिवसांनी फौजदार रेघेच्या अलीकडे आला. तिने लिंबाखाली दुसरी रेघ ओढली. मग तिसरी, धुण्याच्या दगडापाशी. शेफारलाय मेला, रोज हातभर हद्द वाढवतोय, असं ती नवऱ्याला म्हणाली.

एक गोष्ट मात्र तिने कुणाला सांगितली नाही. दुपारी मशीनवर बसल्या बसल्या तिला दिसायचं की समोर कुणी नसतानाही फौजदार उड्या मारतोय. माणसाच्या कमरेएवढ्या उंच. पिसं उडायची, पण तोंडातून आवाज नाही. पाखराची सावली पाहून चवताळत असेल, असं तिने स्वतःला समजावलं आणि मशीन चालू केलं.

शेवटी सासऱ्यांनी इलाज काढला. तरुणपणी त्यांनी कोंबड्या पाळल्या होत्या. असल्या कोंबड्याला काखेत धरायचं, मान खाली दाबायची आणि परसभर फिरवायचं, चार दिवसांत गरीब गाय होतो, असं त्यांचं म्हणणं. फौजदार काखेत निमूट राहिला. सासरे लिंबापर्यंत गेले आणि थांबले. कोंबडा झटापट करत नव्हता, थरथरत होता. त्याने डोकं त्यांच्या काखेत खुपसलं होतं. सासरे बराच वेळ समोर बघत राहिले. मग पाठ न फिरवता उलटे चालत आले, एकेक पाऊल मागे टाकत.

"याला असू दे," ते म्हणाले.

"का पण?" टेलरबाईने विचारलं.

"असू दे म्हणतो ना."

एवढं बोलून ते हात धुवायला गेले, आणि त्यानंतर परसात उतरले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात ठकीचा चेंडू रेघेपलीकडे गेला. ती धावली. फौजदार तिच्या छातीवर येऊन आदळला, पोर उताणी घराच्या बाजूला पडली. काटा लागून डोळ्याखाली दोन टाके पडले. टेलरबाईने सबंध आयुष्य टाके घालण्यात काढलं होतं, पण ते दोन तिला बघवेनात. सकाळी नवऱ्याने फौजदाराला पोत्यात घातलं आणि बस काढायला जाताना गावाबाहेरच्या कोंबडीवाल्याला देऊन टाकलं. सासरे जेवले नाहीत. दार लावून घेत जा, एवढंच सुनेला म्हणाले.

दुपारी ती बादली आणि ब्रश घेऊन रेघा पुसायला उतरली. आता पोरीला मोकळं खेळता येईल या विचाराने तिला किती दिवसांनी हलकं वाटत होतं. एकूण पाच रेघा. शेवटची रेघ पायरीपासून दोन हातांवर. साती कोंबड्या पायरीला चिकटून बसल्या होत्या, दाणे टाकले तरी एक हलली नाही.

ती शेवटच्या रेघेवर वाकली. खडूच्या भुकटीत फौजदाराच्या नखांचे ओरखडे उमटले होते.

टाका उसवला की कापड कुठल्या बाजूने ताणलं गेलंय, हे तिला नुसत्या नजरेने कळे. तिने ओरखडे पाहिले. पुन्हा पाहिले. झेप घेणाऱ्याचे ते नव्हते. पाय रोवून उभ्या असलेल्याला कुणीतरी समोरून रेटलं होतं. सगळे ओरखडे घराकडे घसरत आले होते.

ती उठली आणि लिंबाखालची रेघ पाहिली. तिथेही तसेच.

तो पुढे येत नव्हता. मागे हटत होता. आणि तो कुठवर हटला ते ती स्वतःच्या हाताने आखत आली होती.

मागचं दार उघडंच होतं.

तिच्या हातून ब्रश पडला. ती पायरी चढून आत धावली.

ठकी मशीनपुढच्या बाकावर चित्र रंगवत होती. पण मध्ये नाही. अगदी कडेला, अर्धी बाहेर, एक पाय जमिनीला टेकवून. बाकीचा बाक रिकामा होता.

"ठके, इकडे ये," ती कशीबशी म्हणाली.

ठकीने तिच्याकडे पाहिलं नाही. शेजारच्या रिकाम्या जागेकडे मान वर करून तिने विचारलं, "अजून सरकू?"