एकतीस नंबरची पट्टी

१९९६ साली मी यशवंतपूरकडच्या एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ होतो. तापाच्या साथीत दवाखान्यातून प्रत्येक रोग्याचं रक्त रोज यायचं. बाटलीवर नाव नसे. नंबर आणि कितवा दिवस, एवढंच. ते मी जिलेटिनच्या पातळ थरातल्या एकेका खणात भरून विजेनं चालवायचो, मग थर निळ्या रंगात बुडवायचो. रक्तातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, जिलेटिन खातं. तिथे निळा रंग धरत नाही, पांढरी पट्टी उमटते. शरीरात तेच विकर पेशींमधली जाळी कापतं आणि पांढऱ्या पेशींना विषाणूपर्यंत वाट करून देतं. फार झालं तर फुप्फुसच फाटत जातं.

एकतीस नंबर माझी बायको, जमनाबाई. तिच्या मनगटावरच्या चिठ्ठीमुळे मला कळलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख सुप्रीता मॅडमना ठाऊक नव्हतं; घरचं मी तिथे बोलत नसे.

पट्टी रोज रुंद होत गेली. पाचव्या दिवशी जमनाबाई गेली. विल्सन गार्डनला विद्युतदाहिनीत दहन केलं.

सहाव्या दिवशी मी कामाला निघालो. बहीण सुनंदा दारात आडवी आली.

"अण्णा, सुतक आहे. लोक काय म्हणतील?"

"घरी बसवत नाही."

सवयीनं वहीत लिहिलं, ३१, सहावा दिवस. नमुना नव्हताच. चूक लक्षात आल्यावर त्या खणात नुसतं मीठपाणी भरलं.

तिथे पट्टी उमटली. पाचव्या दिवसापेक्षा थोडी बारीक.

"मॅडम, या खणात पाणी होतं."

सुप्रीता मॅडम हसल्या. "मग पाण्याला ताप आला म्हणायचा! शेजारचं सांडलं असेल, रघुजी. स्वल्प जपून, सरी?" थोडं जपून, बरं का, असं त्यांच्या कानडी वळणात.

सातव्या दिवशी शेजारचे दोन खण मोकळे सोडले. पाणी नवं घेतलं. पट्टी आलीच. आणखी बारीक.

मग मी कुणाला काही बोललो नाही. रोज पाणी भरायचो, रोज दिवस लिहायचो. भेटायला माणसं येत, रडत. मला काहीच वाटत नव्हतं. पट्टी बारीक व्हावी, एवढंच हवं होतं.

अकराव्या दिवसाची पट्टी उमटल्यावर मॅडमनी सगळे फोटो ओळीनं मांडले.

"हा एकतीस बघा. पाचव्याला वाटलं, आटोपलं. आता पट्टी तुमच्या-माझ्याइतकी. बरा झाला हा पेशंट. उद्या घरी सोडतील."

मी हो म्हणालो.

बाराव्या दिवशीही पाणी भरलं.

खण निळाच राहिला. निरोगी रक्तात असते, ती रेघसुद्धा नव्हती.

घरी सोडल्यावर रक्त घेत नाहीत.